बारा सिलिंडरांवर अक्षता

"अण्णा, किल्लीवरचा हात काढा," मी म्हणालो. "आणि पाय आहेत तिथंच राहू द्या. काही दाबू नका."

"अजून कुठं काय दाबलंय? तूच म्हणालास की, मी सांगितल्याशिवाय नको म्हणून."

"एक्सिलेटरवर पाय हाय का?"

"न्हाई. खाली चटईवर हाय. काय झालं रे?"

माझ्या एका हातात खणाचा तुकडा होता, दुसऱ्या हातात पाना. समोर बॉनेट उघडं होतं. आत सहा-सहाच्या दोन रांगांत बारा सिलिंडरांचं इंजिन आणि दोन रांगांच्या मधोमध तीन कार्बोरेटर. प्रत्येक कार्बोरेटरला वर दोन उघडी तोंडं होती. आम्ही त्यांना नरडी म्हणायचो. अशी सहा नरडी. त्या सहाही नरड्यांच्या काठावर कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे होते. अक्षता.

काठावर होते म्हणजे आतही गेले होते.

ही १९८८ सालच्या दसऱ्याची सकाळ. जयसिंगपूरला, स्टेशनमागं माझं पत्र्याचं शेड होतं, तिथली. मालन, माझी बायको, जाऊन आता सव्वा वर्ष झालं. तिच्या वर्षश्राद्धाला अण्णांचा मुलगा सुकुमार आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही कशाच्या जोरावर गाडी चालू करायला सांगितली?" चार माणसांत मला ते नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहून काढतोय. मी सातवीपर्यंत शिकलो आहे. जसं झालं तसं लिहितो.

गाडी इटलीची होती. फेरारी. गावात तिला फरारी म्हणायचे, आणि नऊ वर्षं ती तंबाखूच्या वखारीतून जागची हलली नव्हती, म्हणून हसायचेही. भूपालअण्णा मगदूम तंबाखूचे व्यापारी. बाहत्तर साली मुंबईत एक परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. गडद निळा रंग, तारांची चाकं, पुढं लांबलचक बॉनेट. मागं दोन सीटा होत्या, पण त्यांत मांजर बसलं तर बसलं. स्टिअरिंग डावीकडं. अण्णा सांगायचे, "लांबच्या पल्ल्याला जोरात जायचं आणि उतरल्यावर धोतराची घडी मोडलेली नसावी, यासाठी केलेली गाडी हाय ही." इटलीत धोतर कोण नेसतं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग अण्णांना काचबिंदू झाला. डाव्या डोळ्याचं संपलं होतं. उजव्यानं दिसत होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या दिवाळीनंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अण्णा माझ्या शेडवर रिक्षानं आले आणि म्हणाले, "महिपती, पुढच्या दिवाळीच्या आत मला ती एकदा चालवायचीय. एकदाच. मग विकीन, न्हाईतर तिच्यात कोंबड्या पाळीन."

माझ्याकडं का आले, याचं उत्तर सोपं आहे. मुंबईहून यायला कुणी तयार नव्हतं आणि गावात दुसऱ्या कुणी ते इंजिन उघडायचं धाडस केलं नसतं. मला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी बांधलेलं एका ट्रकचं इंजिन चार मैलांवर फुटलं होतं. आत नट सापडला. तो माझ्या हातून राहिला असं सगळे म्हणाले. राहिला की नाही, मला आजही माहीत नाही. पण तेव्हापासून माझ्याकडं पंक्चरं आणि पाण्याचे पंप यायचे. इंजिन कुणी आणत नव्हतं.

सुकुमारनं अण्णांना माझ्या तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, हा माणूस ट्रकचं इंजिन खाऊन बसलाय. हे तर इटालियन. गोड लागेल त्याला."

अण्णा म्हणाले, "खाऊ दे. नऊ वर्षं तसंच पडलंय, उंदरं खायाला लागलीत."

अकरा महिने मी त्या एकाच गाडीवर काढले. इंजिन पूर्ण उघडलं. एक-एक पार्ट धुऊन, मापून, नाव लिहून ठेवला. हेडखालची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाखालची, पॅकिंग इटलीहून मागवायला लागली, ती यायला सात महिने गेले. ती पॅकिंग एकदा दाबून बसवली की बसवली. पुन्हा हेड काढलं तर ती वाया. दुसरा जोड नव्हता. म्हणजे मला एकच संधी होती आणि अण्णांनाही एकच.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी चालू करायची ठरली. नवमीच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. फक्त वरचा हवेच्या फिल्टरचा डबा मी बसवला नाही, कारण पहिल्यांदा चालू करताना मला नरड्यांत डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून सहाही नरड्यांत मी चिंध्यांचे बोळे कोंबून ठेवले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडतात, धुऊन-पुसून पूजा करतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पाना हत्यार, हातोडा हत्यार, वाहनही हत्यारच. दरवर्षी पूजा मी करायचो. पण त्या वर्षी आमच्या भावकीतला देवीच्या होमाचा मान आमच्या घराकडं आला होता, म्हणून मला पहाटेच गावी जावं लागलं. निघताना मी मालनला सांगितलं, "पूजा तू कर. आणि नुसतं बॉनेटला कुंकू लावून सोडू नको. इंजिन उघडंच ठेवलंय. त्याची कर. अकरा महिने त्यातच घातलेत मी."

हे मी सांगितलं होतं. हे विसरून चालणार नाही.

रात्री उशिरा परत आलो आणि झोपलो. सकाळी शेडमधे गेलो तर सगळं छान होतं. पाटावर पाने ओळीनं मांडलेले, झेंडूची माळ, नारळ. बॉनेटखाली इंजिनवर कोरा खणाचा तुकडा पसरलेला. मी पाटाला नमस्कार केला, पाना उचलला, बॅटरी जोडली. खणाखाली माझे बोळे असणारच, असं मी धरून चाललो. मनात आलं, मालननं किती नीट झाकलंय.

नऊ वाजता अण्णा आले, नवं धोतर, डोक्याला फेटा. सुकुमार बरोबर होता. अण्णा दार उघडून थेट स्टिअरिंगमागं बसले आणि किल्ली धरूनच राहिले. मी खण उचलला. बोळे नव्हते.

"मिस्त्री, काय झालंय ते बोलाल का?" सुकुमार पुढं आला आणि आत वाकला. "तांदूळ?"

"पूजेचे हायत."

"मग? चार दाण्यांचा भात होईल आत. पेट्रोलवर शिजलेला."

"कच्चा तांदूळ हाय, मालक. दाताखाली कच्चा दाणा आला तर दात दुखतो. व्हॉल्व्हखाली आला तर व्हॉल्व्ह बंद होत न्हाई, खालून पिस्टन येतो आणि त्याला धडकतो. एक दाणा पुरतो. एक व्हॉल्व्ह वाकला की संपलं."

सुकुमारच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे आता हे सगळं खोलायचं?"

"ते बघायला पाहिजे." मी एक बारीक तार घेतली आणि कार्बोरेटरचा दांडा हलणार नाही असा करकचून बांधला. आता अण्णांनी पाय मारला असता तरी काही झालं नसतं. मग त्यांना सांगितलं, "प्रत्येक नरड्याच्या तळाशी एक पितळी चकती असती. एक्सिलेटर दाबला की ती उभी होते आणि वाट मोकळी होते. दाबला न्हाई तर ती आडवी, वाट बंद. पूजा झाल्यापासनं कुणी पाय मारला नसंल तर सगळे दाणे चकतीवरच पडून हायत. वरच्या वर काढता येतील."

"आणि मारला असेल तर?"

"तर आत. मग हेड उतरवायचं. पॅकिंग गेली. पुन्हा सात महिने."

अण्णा गाडीतूनच म्हणाले, "सात महिन्यांनी मी गाडी ऐकीन फक्त."

सुकुमारनं वाकलेलं डोकं बॉनेटखालून बाहेर काढलं.

"काल तर हत्यार बंद होतं," अण्णा म्हणाले. "कोण हात लावणार? काढ वरच्या वर." असं म्हणताना ते सीटवर जरा सरकले आणि थांबले. मांडीखाली हात घालून त्यांनी काहीतरी चाचपलं, चिमटीत धरून उजव्या डोळ्याजवळ नेलं. "महिपती, इथं पण हायत की रे. सीटवर."

लाल दाणा होता. एक नव्हे, तीन-चार.

पूजा करणारा बॉनेटपाशी उभा राहतो. सीटवर अक्षता कुणी टाकत नाही. कुणाच्या तरी पदरातून किंवा मांडीवरून त्या पडल्या होत्या. म्हणजे पूजेनंतर कुणीतरी त्या सीटवर बसलं होतं. आणि त्या सीटपुढं, बरोबर पायाखाली, क्लच, ब्रेक आणि एक्सिलेटर होते.

सुकुमार माझ्याकडं बघत होता. "शेडला कुलूप होतं ना काल?"

"होतं."

"किल्ली कुणाकडं?"

मी शेडच्या मागच्या दाराकडं वळलो. आमचं घर मागंच होतं, दोन खोल्यांचं. हाक मारली. मालन पदराला हात पुसत आली. चूल सोडून आली होती, पुरण शिजत होतं. तिनं आधी इंजिनकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या खणाकडं.

"बोळे कुठं गेले?" मी विचारलं.

"कसले बोळे?"

"या सहा भोकांत घातले होते ते."

"त्या काळ्या चिंध्या? त्या काढल्या की. देवाच्या तोंडात पोतेरं कोंबून पूजा करू का? म्हणून तर नवा खण घातला वरनं." मग तिचं लक्ष काठावरच्या दाण्यांकडं गेलं. "का? काय झालं?"

"काल गाडीत कोण बसलं होतं?"

"कोण बसणार?"

"मी विचारतोय."

"मला काय म्हायती?"

असं म्हणताना ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. त्या हातात पाना होता.

आता एक सांगायला लागतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिनं माझं फिलर गेज राखेनं घासलं होतं. फिलर गेज म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांची जुडी. केसापेक्षा पातळ पट्टी असते, घासली की माप गेलं. तिनं भांड्यांबरोबर घासून लख्ख केलं आणि मला खूश होऊन दाखवायला आणलं. तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजमधे कामाला होतो. तिथं, सगळ्यांसमोर, मी तिच्या कानशिलात मारली. ती घरी गेली, स्वयंपाक केला. मी पुन्हा कधी हात उचलला नाही आणि मनात धरलं की विषय मिटला. तेरा वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

त्या सकाळी ती पान्याकडं बघत होती तेव्हा मला कळलं की तिच्याकडून काही मिटलेलं नाही. आणि लगेच हेही कळलं की आता ती जे बोलेल त्यावर काय भरवसा ठेवायचा. घाबरलेला माणूस खरं सांगत नाही, सुटका होईल ते सांगतो. मीही त्या ट्रकच्या वेळी तेच केलं होतं. मालकानं विचारलं, "नट मोजले होतेस?" मी म्हणालो, "मोजले होते." मोजले नव्हते.

सुकुमार म्हणाला, "वहिनी, पटकन सांगा. वेळ नाही आमच्याकडं."

अण्णा आतून म्हणाले, "सुकुमार, बाहेर चहावाल्याकडं पेपर आलाय का बघ."

"आज पेपर नसतो, बाबा. सुट्टी आहे."

"मग कालचा बघ. जा."

सुकुमार गेला. अण्णांनीही तोंड दुसऱ्या खिडकीकडं केलं. त्या बाजूला भिंत होती, ते भिंतीकडं बघत बसले.

मी पाना पाटावर ठेवला. ग्रीसचा रिकामा डबा उलटा करून तिच्यासमोर सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसलो. "बस," म्हणालो. ती उभीच राहिली.

"मालन, इंजिनची पूजा कर म्हणून मीच सांगितलं होतं. नरडी उघडी हायत, हे मी सांगितलं न्हाई. चूक माझी. तुझी न्हाई."

तिची नजर पाटावरच्या पान्याकडं गेली.

"तू बसली असशील तर बसलीस. गाडीत बसायसाठीच असती. मला रागवायचं न्हाई. मला फक्त एवढंच पाहिजे की जो कोण बसला, त्याचे पाय कुठं होते."

"पाय?"

"पाय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. आत पुरण लागत असल्याचा वास आला. एरवी ती धावली असती. आता हलली नाही.

"मी बसले होते," ती म्हणाली.

"बरं."

"अकरा महिने तुम्ही हिच्याशीच बोलताय. घरात आला तरी हिचंच. म्हटलं बघू तरी काय हाय एवढं. पूजा झाली, कोण नव्हतं. म्हटलं पाच मिनिटं."

"डाव्या बाजूला का बसलीस?"

"मग कुठं बसू? चालवणाऱ्याच्या शेजारची जागा डावीच असती की. बसल्यावर बघते तर पुढ्यात चाक. हसू आलं मला."

भिंतीकडं बघत असलेल्या अण्णांचे खांदे हलले.

"आणि पाय?"

"पाय खाली कसे सोडायचे? नुकतेच धुतले होते, ओले होते. खाली तो गालिचा मऊमऊ. चपला बाहेर काढल्या, आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसले."

"मांडी घालून?"

"देवाच्या पुढ्यात बसतो तशी. गुडघ्याला चाक लागत होतं, पण बसले."

"खाली टेकलेच न्हाईत? उतरताना?"

"उतरताना असे बाहेर काढले." तिनं हातानं दाखवलं, दोन्ही पाय एकदम दाराबाहेर. "म्हशीवरनं उतरल्यागत."

म्हणजे एक्सिलेटर दाबला गेला नव्हता. पण एक राहिलं होतं. पितळी चकती बंद असली तरी कडेला कागद जाईल एवढी फट असते. अख्खा दाणा त्यातून जात नाही. तुकडा जाऊ शकतो.

"अक्षता कुठल्या तांदळाच्या केल्या होत्यास? त्यात कणी होती का?"

हे विचारल्यावर मात्र ती चिडली. त्या सकाळी पहिल्यांदा तिचा नेहमीचा आवाज ऐकू आला. "अक्षतांत कणी? देवाला तुटका दाणा वाहतात का कधी? आदल्या रात्री बसून निवडल्यात. एक-एक दाणा बघून. तुम्ही नट मोजता तसे."

ती मला लागायला म्हणाली नव्हती, पण बरोबर लागलं.

सुकुमार परत आला होता. दारात उभं राहून त्यानं शेवटचं ऐकलं असावं. तो मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका. पण वहिनी भीतीनं काहीही बोलतील. खोलून बघा. बाबांना मी समजावतो. सात महिने तर सात महिने. इंजिन फुटलं तर काहीच राहणार नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. आत डोकावून बघायची सोय नव्हती. चकतीखालची नळी वळणाची आहे, बॅटरी मारली तरी दिसत नाही. माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता. तिनं सांगितलेलं होतं, तेवढंच. फुटलं असतं तर गाडी गेली असती, अण्णांची शेवटची फेरी गेली असती आणि मिस्त्री म्हणून मी कायमचा गेलो असतो.

"खोलायला लागत न्हाई," मी म्हणालो. "ती म्हणती न्हाई म्हणजे न्हाई."

मी हे हळू बोललो नाही. मालननं ऐकलं. ती चुलीकडं चालली होती, ती दारातच थांबली.

मग दाणे काढायचं काम. मी चिमटा घेऊन वाकलो, पण नरड्यात चिमटा उघडत नव्हता. मालन पुरण उतरवून परत आली. थोडा वेळ बघत उभी राहिली.

"सरका," म्हणाली. "तांदूळ निवडायचं काम बाप्याचं न्हाई."

तिनं घरातून दोन वस्तू आणल्या. खराट्यातली एक लांब हिराची काडी, आणि कुंकवाच्या करंड्यातलं मेण. कुंकू टिकावं म्हणून कपाळाला आधी लावतात ते. काडीच्या टोकाला तिनं मेणाचा ठिपका लावला, नरड्यात सोडली, हलकेच टेकवली आणि वर घेतली. टोकाला लाल दाणा. ताटलीत पुसला. पुन्हा काडी आत. मी बॅटरी धरून उभा होतो. पितळेवर लाल दाणे स्पष्ट दिसत होते. तिनं एकदाही काडी घाईनं घातली नाही.

"डावीकडं एक हाय," मी म्हणालो.

"दिसतोय मला. तुम्ही उजेड हलवू नका."

"कोपऱ्यात..."

"अहो, मिस्त्री मी हाय का तुम्ही?"

अण्णा आता गाडीतून उतरून खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "आता ती हाय. तू हेल्पर."

तासाभरानं सहाही नरडी कोरी झाली. मी प्रत्येकात बॅटरी मारून तीन-तीनदा बघितलं. ताटलीतले दाणे तिनं एकेक करून तपासले. सगळे अख्खे होते. मी बांधलेली तार सोडली.

अण्णा पुन्हा स्टिअरिंगमागं बसले. "आता?"

"आता तीनदा पाय मारा. पूर्ण. मग सोडा आणि किल्ली."

त्यांनी पाय मारला. एक. दोन. तीन. प्रत्येक वेळी सहाही नरड्यांत पेट्रोलची बारीक धार पडली. मी मालनकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

किल्ली फिरली. इंजिन नुसतं फिरत राहिलं. मग एका बाजूनं खोकल्यासारखा आवाज आला, निळा धूर निघाला, आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. क्षणभर अडखळलं. आणि मग बाराही एकदम लागले. नऊ वर्षांनी. मी कान देऊन ऐकत होतो, कुठं टकटक येते का, कुठं एक चुकतोय का. काही नव्हतं. सलग, भरीव आवाज. पाटावरचे पाने थरथरत एकमेकांवर वाजत होते. मी मागं सरकलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

सुकुमार जवळ आला. काहीतरी बोलला, आवाजात ऐकू आलं नाही. मग त्यानं माझा तेलकट हात धरून हलवला. तेवढंच.

अण्णांनी गाडी शेडबाहेर काढली, सुकुमारला शेजारी घेऊन सांगली रस्त्यावर अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा फेटा सुटून मांडीवर पडला होता आणि ते रडत होते की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कळत नव्हतं. बंद करतील असं वाटलं, पण त्यांनी बंद केली नाही. काच खाली करून म्हणाले, "बाईला बोलव. सुकुमार, तू मागं जा."

"मागं मांजर बसतं, बाबा."

"मग मांजरासारखा बस."

मालन नको-नको म्हणाली. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. मी म्हणालो, "जा की. आता उजवीकडं बस म्हणजे झालं." ती बसली. या वेळी तिनं पाय खाली सोडले, पण चपला हातातच धरल्या होत्या. सुकुमारचे गुडघे हनुवटीला टेकले होते. गाडी गेली. मी रस्त्यात उभा राहून आवाज ऐकत राहिलो, अगदी बारीक होईपर्यंत. तो कुठंही तुटला नाही.

पंचवीस मिनिटांनी परत आले. मालन उतरली, केस सगळे विस्कटलेले. ती थेट घरात गेली. मी मागून गेलो. ती पुरणाचं पातेलं खरवडत होती, खालून जरा लागलंच होतं.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"बरी हाय. उंचीला कमी. रस्त्यावर बसल्यागत वाटतं."

"अण्णा काय म्हणाले?"

"विचारत होते, मिस्त्री घरात कसा हाय म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

तिनं पातेल्यातनं वर बघितलं नाही.

"सांगितलं," म्हणाली, "सकाळपासनं बरा हाय."